ओढतो, दाबतो, फुटतो, थुकतो

(आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, 'तुमचा तो जुन्या ट्रॅक्टरचा उद्योग'. 'उद्योग' हा शब्द आमच्या घरातही याच सुरात वापरला जातो, त्यामुळे मला परका वाटला नाही. एरवी मी न वाचता बोलतो. आज लिहून आणलंय. त्याचं कारण शेवटी सांगतो.

आमच्या गटाला नाव नाही, नोंदणी नाही, अध्यक्षही नाही. भोर आणि वेल्ह्यातली आम्ही नऊ-दहा माणसं आहोत. वेल्ह्याला आता कागदोपत्री राजगड तालुका म्हणतात, पण आपल्या तोंडातलं वेल्हं काही सुटत नाही. आमच्याकडे पाच जुने ट्रॅक्टर, एक पॉवर टिलर आणि तीन ऑइल इंजिनं आहेत. खंडेनवमीला सगळ्यांची पूजा होते. पण मेळा तेव्हा घेता येत नाही, कारण खाचरात भात उभं असतं. म्हणून जानेवारीतला एक रविवार धरतो. झोडणी उरकलेली असते, जमीन कडक झालेली असते, आणि सकाळच्या थंडीत जुनी इंजिनं सुरू करायची म्हणजे खरी परीक्षा असते.

पहिला ट्रॅक्टर आमच्या घरचा. इंटरनॅशनल बी-२७५, लाल रंगाचा. महिंद्रांनी अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर १९६३ साली कंपनी काढली, त्या कंपनीचं हे मॉडेल. माझ्या वडिलांनी आणि दोन चुलत्यांनी मिळून तो जुनाच घेतला होता. आपल्याकडची खाचरं केवढी, बांध केवढे, हे तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे तो नांगराला कमी आणि ट्रॉलीला जास्त जुंपला गेला. विटा, वाळू, भाताची पोती, लग्नाची वऱ्हाडं, आणि पावसाळ्यात एसटी बंद पडली की भोरला न्यायचे आजारी लोक. आपल्यापैकी निदान चार जण या ट्रॉलीत बसून दहावीच्या परीक्षेला आलेत. समोर बसलेत, हसताहेत.

वडील गेल्यावर तो गोठ्याशेजारी उभा राहिला. टायर जमिनीत रुतले, बॉनेटवर कोंबड्या बसायला लागल्या. मी तोवर पुण्यात नोकरी करून निवृत्तीला आलो होतो. भंगारवाला वजनावर भाव करून गेला. टेम्पो आणायचा बाकी होता. त्या संध्याकाळी आपला एक वर्गमित्र वाटेनं जाताना थांबला आणि म्हणाला, "इकतोस व्हय? आधी सुरू तर करून बघू."

त्याचं नाव मी घेणार नाही, त्यानंच तशी ताकीद दिली आहे. शेवटच्या बाकावर, खिडकीशी बसायचा, एवढं सांगितलं तरी तुम्हाला कळेल. नववीत शाळा सोडली, गॅरेजला लागला, आणि पुढं चाळीस वर्षं निरेच्या आणि गुंजवणीच्या काठची इंजिनं दुरुस्त करत फिरला. आता दोन्ही तालुक्यांत लोक त्याला नुसतं मिस्त्री म्हणतात.

बी-२७५ सुरू व्हायला आम्हाला अकरा दिवस लागले. डिझेलच्या टाकीत चिखल झाला होता. नॉझल अडकली होती. एक बुश मिळेना, तो शिरवळला लेथवर करून घेतला. काही नट आणि एक मीटर पुण्याच्या जुन्या बाजारात सापडला. शेवटी फिल्टरचा नट ढिला करून त्यानं लाइनमधली एअर काढली. आधी फेस आला, मग सलग डिझेल. "आता मार," म्हणाला. इंजिन दोनदा खोकलं आणि काळा धूर सोडून चालू झालं. आई घरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. काही बोलली नाही. तो आवाज ती सतरा वर्षांनी ऐकत होती.

तिथून हा नाद वाढला. कुणाकडे एक सिलिंडरचा, हवेवर थंड होणारा आयशर निघाला. १९५९ साली फरिदाबादला आयशरनं भारतात बांधलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर काढला, त्या घराण्यातला हा. ठक् ठक् आवाज दोन वाड्या पलीकडे जातो. एकाकडे एचएमटीचा झेटर २५११ होता. एकाकडे स्वराज ७२४, दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आपल्याच इंजिनिअरांनी आखलेला आणि १९७४ मध्ये बाजारात आलेला. मॅसी १०३५ तर अजून रोज काम करतो, मेळ्याला त्याला सुट्टी काढून आणावं लागतं. इंजिनांत दोन किर्लोस्कर आणि एक साताऱ्याचं कूपर. किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात, असं सांगतात. त्यांच्याच इंजिनांनी पुढं आपल्या नदीचं पाणी माळावर चढवलं.

लोक विचारतात, जुन्या ट्रॅक्टरात बघायचं काय? मी त्यांना सांगतो, एडमंड हिलरी एव्हरेस्टनंतर १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोचले ते फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन. शेतावर चालणारेच ट्रॅक्टर, बर्फासाठी पट्टे चढवलेले. ही गोष्ट पोरांना फार आवडते. पण खरं उत्तर वेगळं आहे, आणि ते मला आमच्याच मेळ्यातल्या एका अपघातानं शिकवलं.

तिसरं वर्ष होतं. गर्दी वाढली होती. मला वाटलं, नुसते उभे ट्रॅक्टर बघून लोक कंटाळतात, काहीतरी चुरशीचं हवं. दगड भरलेला लोखंडी सांगाडा ओढायची शर्यत ठेवली. साखळी बांधताना मिस्त्री म्हणाला, "खाली हुकाला बांध. वर नको." खाली बांधली की सांगाड्याचं तोंड मातीत रुतत होतं, म्हणून मी ती वरच्या लिंकच्या कानाला अडकवायला लावली. माझ्या हातात माइक होता आणि मला घाई होती. मडगार्डवर गावातला एक मुलगा बसला होता. त्याला उतर म्हणायचं काम माझं होतं. मी म्हटलं नाही.

गिअर टाकून क्लच सोडला तसा ट्रॅक्टरचा पुढचा भाग उचलला. ओढ मागच्या आसाच्या वर लागली की चाकं जागेवर धरतात आणि सगळं धूड त्या आसाभोवती मागं फिरतं. हे मला आज चित्र काढून सांगता येतं. त्या दिवशी मी नुसतं आकाशाकडे वळलेलं रेडिएटर बघत उभा होतो. मिस्त्री ओरडला, "क्लच दाब!" पुतण्यानं क्लच दाबला आणि पुढची चाकं धाडकन खाली आली. मडगार्डवरचा मुलगा त्याआधीच फेकला गेला होता. मागचं चाक त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर थांबलं. त्याचा कोपर मोडला. तेवढ्यावर निभावलं.

रात्री त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं चहा केला, समोर ठेवला आणि एकच विचारलं, "तुम्ही तिथंच होता ना?" त्या प्रश्नाला मी अजूनही उत्तर दिलेलं नाही.

पुढच्या वर्षी मेळा घ्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. मिस्त्री म्हणाला, "बंद केलास तर पोरं काय शिकतील? ट्रॅक्टर वाईट, एवढंच. सांग की त्यांना, कसा पलटतो ते." तेव्हापासून शर्यत नाही. मेळ्याची सुरुवात त्याच प्रसंगानं होते. लाकडी खेळण्यातला ट्रॅक्टर आणि सुतळी घेऊन मी स्वतः दाखवतो की वर बांधलं तर काय होतं आणि खाली बांधलं तर काय होतं. चाकं चिखलात रुतली तर त्यांच्यापुढं ओंडका बांधून जोर का लावायचा नाही. बांध चढायचा तर रिव्हर्समध्ये का. चालू यंत्राभोवती वीस फुटांवर दोर असतो. मडगार्डवर कुणी बसत नाही, आमदार आले तरी. त्या कोपर मोडलेल्या मुलाकडेच आता दोराची जबाबदारी आहे. तो कुणाचं ऐकत नाही, माझंही नाही.

आणि मग मिस्त्रीचा वर्ग भरतो. किर्लोस्करचं इंजिन हँडलनं सुरू करायला तो पोरांना शिकवतो. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत गुंडाळायचा नाही, नाहीतर उलटा झटका बसला की अंगठा जातो. कॉम्प्रेशनचा खटका उचलून चाकाला वेग द्यायचा आणि मग खटका सोडायचा. गेल्या जानेवारीत चौदा मुलांनी आणि पाच मुलींनी इंजिन सुरू केलं. त्यातल्या एका मुलीनं दुसऱ्याच दिवशी घरची बंद पडलेली फवारणी मशीन खोलली. आई ओरडली असं कळलं. मशीन सुरू झाली असंही कळलं.

आता मूळ गोष्ट. आठवीत आपल्याला विज्ञानाच्या तासाला चार टप्प्यांचं इंजिन होतं. मी फळ्यावर आकृती काढली, नावं दिली, शाबासकी घेतली. मग सरांनी शेवटच्या बाकाला उभं केलं. तो म्हणाला, "सर, पहिला ओढतो, मग दाबतो, मग फुटतो, मग थुकतो." सगळा वर्ग हसला. सर रागावले आणि तो तासभर बाकावर उभा राहिला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो होतो. पुढं वर्षभर त्याला 'थुकतो' म्हणून हाक मारायचो, तीही बहुतेक मीच सुरू केली होती.

आमच्या मेळ्यात किर्लोस्करच्या शेजारी एक पाटी असते. तिच्यावर हेच चार शब्द रंगवलेत. सर जायच्या आदल्या वर्षी मेळ्याला आले होते. काठी टेकून पाटीसमोर उभे राहिले, दोनदा वाचली, आणि मिस्त्रीला जवळ बोलावून म्हणाले, "पूर्ण मार्क द्यायला हवे होते रे." तो म्हणाला, "चालायचंच, सर." सरांनी त्यांचं सांगून टाकलं. माझं राहिलं होतं.

चाळीस वर्षं इंजिनांच्या कानाशी राहून मिस्त्रीचे कान गेले आहेत. पूर्वी तो स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून बेअरिंगचा आवाज ओळखायचा. आता तळहात बॉनेटवर ठेवतो आणि डोळे मिटतो. अजून चुकत नाही. कानाचं यंत्र घेऊन दिलं तर खिशात ठेवतो, म्हणतो त्यात नुसती खरखर येते.

तो आज इथं आला आहे. सवयीनं शेवटच्या रांगेत, खिडकीशी बसलाय. मी इतका वेळ त्याच्याबद्दल बोलतोय आणि त्याला ते ऐकू येत नाहीये. म्हणून लिहून आणलंय, आणि स्मरणिकेच्या संपादकांना विनंती आहे की हा मजकूर जसाच्या तसा छापावा. मित्रा, त्या तासाला मी हसलो ते चुकलं. तुझं उत्तर बरोबर होतं.

बाकीच्यांना एक विनंती. तुमच्या गावात जुना ड्रायव्हर असेल, पंपावर काम केलेला कुणी असेल, तर त्याला जानेवारीत घेऊन या. यंत्र नसलं तरी चालेल. घरात जुनी बिलं, फोटो, हँडल, पाने पडले असतील तर भंगारात देण्याआधी एक फोन करा. आणि नातवंडांना आणाच. जेवणाला पिठलं-भाकरी आणि इंद्रायणीचा भात असतो.

फक्त दोराच्या आत यायचं नाही. तो मुलगा हाकलून देतो.