रेषेचे प्रौढत्व



शताब्दी साजरी करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून ‘कार्टून’विषयी बोलणे काहींना औचित्यास सोडून वाटेल. चित्र हलू लागले की ते मुलांसाठी, असा आपला दृढ ग्रह आहे. तो एकदा तपासून पाहावा, एवढाच माझ्या भाषणाचा हेतू आहे.

हा ग्रह आपल्या परंपरेने दिलेला नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातील आख्याने सांगत आले. वनवास, वियोग, वध हे त्या चित्रांचे विषय. ती केवळ बाळगोपाळांची करमणूक आहे, असे कोणी मानले नाही. आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्यांना पडद्यावर चालते-फिरते केले, ते ‘आगकाड्यांची मौज’ या छोट्या पटात. पुढे मात्र डिस्नेचे उंदीर आणि बदके यांनी पडदा व्यापला, आणि सचेतनपट म्हणजे खाऊ, असे समीकरण रूढ झाले.

त्या समीकरणास छेद देणारी तीन उदाहरणे मी घेतो.

पहिले चेकोस्लोव्हाकियातील यिरी त्रन्का यांच्या ‘हात’ या १९६५ मधील बाहुलीपटाचे. एक साधा कुंभार आपल्या गुलाबासाठी कुंडी घडवू पाहतो. एक प्रचंड हात घरात शिरतो आणि आपलीच प्रतिमा घडव म्हणून हुकूम सोडतो. कुंभार नकार देतो. मग आमिष, मग दमदाटी, मग पिंजरा. अखेर कुंभार मरतो आणि तोच हात त्याची थाटामाटाने अंत्ययात्रा काढतो. पटात एकही संवाद नाही. बाहुलीच्या मुखावरची रेषाही बदलत नाही. केवळ प्रकाश आणि कोन बदलतात, आणि भय आपल्यापर्यंत पोहोचते. त्रन्का १९६९ मध्ये निवर्तले. त्यानंतर तेथील राजवटीने या पटावर बंदी घातली. लाकडाच्या बाहुलीचे सामर्थ्य समीक्षकांच्या आधी सत्ताधाऱ्यांनी ओळखले, असे म्हणावे लागते.

दुसरा पट डच कलावंत मिखाएल दूदॉक द विट यांचा, २००० सालचा ‘पिता आणि कन्या’. बाप होडीत बसून निघून जातो. मुलगी सायकलवरून त्या काठाशी पुन:पुन्हा येते. तरुण होते, संसारी होते, म्हातारी होते. पाणी आटते, पण तिचे वाट पाहणे आटत नाही. इतके आयुष्य जेमतेम आठ मिनिटांत मावले आहे. या पटास ऑस्कर लाभले.

तिसरा पट आपल्या मुंबईचा. सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थिनी गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ हा २००६ साली कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात गौरविला गेला. एकाकी वृद्धा, तिचे मांजर आणि काड्यापेट्यांवरील चित्रांचा तिचा संग्रह, एवढीच सामग्री. तिचे घर करडे आहे. काड्यापेटीतले जग मात्र रंगांनी भरलेले. वार्धक्यातील एकटेपणाविषयी व्याख्यान न देता हा पट त्या एकटेपणाच्या आत नेऊन बसवतो.

हे कसे घडते? आपल्या साहित्यशास्त्रात भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली. विशिष्ट व्यक्तीचे दुःख तिचे विशिष्टत्व गळून सर्वांचे होते, तेव्हा रसास्वाद शक्य होतो. नट कितीही थोर असला तरी त्याचा परिचित चेहरा आड येतो. रेषेला मात्र पूर्वायुष्य नसते. काठावर थांबलेली ती लहानशी छायाकृती आपल्यापैकी कोणाचीही लेक असू शकते. शिवाय येथे काहीही फुकट मिळत नाही. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर आठ मिनिटांत साडेअकरा हजार चौकटी भरतात. अनेकदा एकच चित्र दोन चौकटींना पुरवतात, तरी श्रम अफाटच. त्यामुळे कलावंत कवीप्रमाणे काटकसर करतो. दीर्घ चित्रपट कादंबरीच्या जवळ जातो, तर हा लघुपट कवितेच्या.

‘प्रौढांसाठी’ या शब्दाला बाजाराने हीन अर्थ चिकटवला आहे. मृत्यू, वार्धक्य, सत्ता, विरह यांच्याकडे डोळे न मिटता पाहणे, हे खरे प्रौढत्व. आपल्या वाचकवर्गात आज ज्येष्ठांची संख्या मोठी आहे. कित्येकांची मुले दूरदेशी आहेत. त्यांच्या मनातले बोलणारी ही कला केवळ ‘ती मुलांची’ या गैरसमजापायी त्यांच्यापर्यंत पोहोचू नये, ही हानी आहे. ग्रंथालय कवितावाचन घडवते, तशाच वर्षातून काही संध्याकाळी असे पट दाखवावेत आणि नंतर त्यांवर चर्चा व्हावी. पट आठ-पंधरा मिनिटांचे. बोलण्यास भरपूर वेळ उरेल.

कार्यकारिणीने या सूचनेचा विचार करावा, अशी विनंती आहे.