कार्ड झालं, पगार सुरू झाला, मग पैसे जातात कुठे?

बायांनो, जेवणं उरकली असतील, भांडी तशीच राहिली असतील तर राहू द्या थोडा वेळ. आज आम्ही रेडिओवर एक वही घेऊन बोलायला बसलो आहोत. वही आमच्या गटातल्या एका बाईची आहे. नाव सांगत नाही, आपण तिला ताई म्हणू. तिला विचारूनच हे सांगतोय.

आधी आमची चूक सांगतो. ताईनं गटातून पाच हजार कर्ज घेतलं होतं, शेकडा दोन व्याजानं. दोन महिने हप्ता आला नाही, मीटिंगलाही ती आली नाही. तिसऱ्या मीटिंगला आम्ही तिला थकबाकीदार म्हणून इतिवृत्तात लिहायला निघालो, दंडही ठरवला. तेव्हा एक म्हातारी सभासद म्हणाली, "अगं, तिच्या घरी जाऊन तरी या." आम्ही गेलो. ताई सासूचं अंथरूण बदलत होती. ती सासूला आत्याबाई म्हणते. आत्याबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. मोरीत पाय घसरून खुबा मोडला होता.

आता गावात सगळे काय म्हणत होते? "तिला काय कमी? ऑपरेशन कार्डावर फुकट झालं, म्हातारीला पगार चालू आहे." दोन्ही खरंच होतं. सत्तर वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार अंगीकृत दवाखान्यात होतात. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे. आणि पगार म्हणजे श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये. त्याला वय पासष्ट लागतं आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत लागतं. म्हणजे आख्ख्या घराला दिवसाला साठ रुपयेही नाहीत. हा आकडा कुणी आणि कसा ठरवला, देव जाणे.

पण कार्ड चालतं ते दवाखान्यात भरती असेपर्यंत. बाह्यरुग्ण म्हणून दाखवायला गेलो तर नाही, आणि घरी आणून सांभाळायला तर नाहीच. खरं दुखणं तर घरी आल्यावर सुरू होतं. भरतीच्या दिवसांतही सोबतच्या माणसाचं जेवण, चहा, जीप हे आपल्याच खिशातून जातं. ताईच्या पाच हजारांतले २,२०० हवेच्या गादीला गेले, बाकीचे त्या आठ दिवसांत संपले. एक गोष्ट तेव्हा आम्हालाही माहीत नव्हती, तुम्ही मात्र लक्षात ठेवा. घरी सोडल्यावर पंधरा दिवसांपर्यंतची औषधं त्या कार्डाच्या पॅकेजमध्येच धरलेली असतात. डिस्चार्जच्या दिवशी आरोग्यमित्राला विचारून घ्या. ताईनं ती विकत घेतली.

आम्ही तिला म्हटलं, गटाचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो, तसा एक महिना आत्याबाईंचा ठेव. काही वगळू नकोस. तिनं ठेवला. वाचून दाखवतो.

रात्रीचे लंगोट, म्हणजे ज्याला दुकानात डायपर म्हणतात, रोज एक, पस्तीस रुपयांप्रमाणे १,०५०. औषधं ६४०. पावडर, कापूस, फिनेल १८०. जास्तीचं दूध आणि अंडी ४५०. तालुक्याला दाखवायला नेलं ती जीप ९००. व्यायाम करून घ्यायला एक डॉक्टर घरी दोनदा आले, ६००. एकूण ३,८२०. त्यातून पगाराचे १,५०० वजा केले तर २,३२० रुपये घरातून गेले. ताईच्या लाडक्या बहिणीचे पैसे त्यातच जिरले.

आम्ही विचारलं, "आणि तू कामाला जात होतीस त्याचं काय?" ती म्हणाली, "ते काय लिहायचं?" खुरपणी, कांदा लागण धरून ती महिन्याला सोळा दिवस तरी जायची, अडीचशे रुपये रोजानं. ते ४,००० झाले. आता जाता येत नाही. मग खरा खर्च ७,८२० झाला, आणि पगार त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढाही भरत नाही. हे वाचल्यावर गटात जरा वेळ कुणी बोललंच नाही. घरोघरी हेच आहे ना. घरातला माणूस म्हणतो, "तू घरीच तर असतेस." केरळात आश्वासकिरणम नावाची योजना आहे, त्यात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळणाऱ्याला सरकार महिन्याला ६०० रुपये देतं. सहाशे म्हणजे फार नाहीत. पण सांभाळणं हे काम आहे, एवढं तरी तिथल्या सरकारनं मानलं.

मग आम्ही वहीतली एकेक ओळ धरून बसलो.

औषधांपासून सुरुवात केली. आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आशाताईंनी चिठ्ठी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेली. रक्तदाबाची आणि कॅल्शियमची गोळी तिथंच मिळाली. उरलेलं औषध जनऔषधी केंद्रातून आणलं. ६४० चे २१० झाले. कंपनीचं नाव वेगळं दिसतं म्हणून घाबरू नका, चिठ्ठीवरचं औषधाचं मूळ नाव डॉक्टरकडून लिहून घ्या आणि तेच मागा.

जीपचं असं की एसटीत पंचाहत्तरच्या पुढच्यांना तिकीट नाही. पण खुबा मोडलेल्या बाईला एसटीची पायरी कशी चढवायची? सवलत आहे आणि उपयोग नाही, असं ते प्रकरण. उपकेंद्रातल्या सीएचओ मॅडमनी ई-संजीवनीवरून मोबाइलवर डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. दुसऱ्या महिन्यात जीप लागलीच नाही. दर वेळी असं चालणार नाही, एक्सरे काढायचा तर जावंच लागेल. अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्यांनी भेट द्यावी, असं ज्येष्ठांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात लिहिलेलं आहे. आम्ही ग्रामसंघाच्या लेटरहेडवर अर्ज दिला. पहिली भेट व्हायला दोन अर्ज लागले.

व्यायाम ताई बघून शिकली, ते सहाशे वाचले. कमोडची खुर्ची मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून झाली. पासष्टच्या पुढे वय आणि उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर खात्यावर एकदाच ३,००० रुपये येतात. चष्मा, काठी, वॉकर, कमोडची खुर्ची, श्रवणयंत्र अशा वस्तूंसाठीच ते असतात. दुकानदाराची पावती द्यावी लागते, ती जपा.

लंगोटांना मात्र आम्ही हात लावू दिला नाही. ताई म्हणत होती, जुनी लुगडी वापरते. दिवसा वापर, रात्री नको. ओल्यात रात्र गेली की पाठीला जखम होते, आणि ती भरून यायला जो खर्च येतो त्यात वर्षाचे लंगोट येतील. काटकसर कुठं करायची नाही तेही ठरवावं लागतं.

दुसऱ्या महिन्याची बेरीज १,८९० झाली. पगार वजा जाता ३९०. त्यात आणखी शंभर मिळवा, कारण आत्याबाईंनी मिसरीला आणि नातवंडांच्या हातावर ठेवायला शंभर मागितले. यावर गटात मोठं भांडण झालं. काही जणी म्हणाल्या, लंगोटाला पैसे नाहीत आणि मिसरी कसली! आमचं मत वेगळं होतं, अजूनही आहे. पासबुक तिच्या नावाचं, अंगठा तिचा, पैसे तिचे. तिला न विचारता काढायचे आणि वर हिशेबही सांगायचा नाही, हे बरोबर नाही. मिसरी सोडा म्हणून आम्हीच त्यांना चार वेळा सांगितलं, ती गोष्ट निराळी. आणि हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो हे विसरू नका. उठता येत नसेल तर तलाठ्यांना आधी कळवा, नाहीतर पगार थांबतो आणि पुन्हा सुरू करायला खेटे घालावे लागतात.

राहिला घरातल्यांचा वाटा. दीर पुण्याला असतात, नणंद शेजारच्या तालुक्यात. आईवडिलांना सांभाळण्याचा २००७ चा कायदा आहे. प्रांतांकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता ठरवता येतो. तो आईनं मागायचा असतो, सुनेनं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "पोरावर कागद करणार नाही मी." मग ताईनं दिवाळीला वहीच दिरांपुढं ठेवली. बोलली काही नाही. आता ते महिन्याला हजार पाठवतात. नणंद पाच दिवस येऊन राहते, तेवढे दिवस ताई कांद्याला जाते. गटानं दंड मागं घेतला आणि हप्ता अर्धा केला.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं दुखणं असेल तर उद्याच एक वही घाला. दोन रकाने पुरेत, आलेले आणि गेलेले. आणि खाली तुमच्या बुडालेल्या रोजाची एक ओळ. ताईच्या नवऱ्यानं विचारलं होतं, "ही शेवटची ओळ कशाला? हे पैसे कुठं गेलेत?" तिनं ती खोडली नाही. पाचवा महिना चालू आहे, ती ओळ अजून लिहिते.