निसर्गचित्राचा भाव आणि ‘कशावरून?’ हा प्रश्न



निसर्गचित्र मुलांपुढे ठेवून त्याचा अर्थ आपणच सांगून टाकावा, हा आपल्या वर्गांतील नित्याचा प्रकार आहे. ही चूक मीही केलेली आहे.

डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने जुलै १८९० मध्ये पॅरिसजवळील ओव्हेर या गावी गव्हाच्या शेताचे एक चित्र रंगविले. पिवळेधमक शेत, वर काळसर निळे आभाळ, तीन वाटा आणि कावळ्यांचा थवा. मी वर्गात सांगितले, “हे त्याचे अखेरचे चित्र. कावळे म्हणजे मृत्यू.” मुलांनी मुकाट्याने लिहून घेतले. एक मुलगी मात्र म्हणाली, “गुरुजी, गहू पिकला म्हणजे पाखरे यायचीच ना?” मी तिला खाली बसविले.

पुढे वाचनात आले की, व्हॅन गॉग २९ जुलै १८९० रोजी वारला हे खरे. परंतु झाडांच्या मुळांचे एक चित्र हे त्याचे अखेरचे, असे आता अभ्यासक मानतात. त्याच महिन्यात भाऊ थिओ यास लिहिलेल्या पत्रात, अस्वस्थ आभाळाखालच्या अफाट शेतांतून आपण दुःख आणि पराकाष्ठेचा एकाकीपणा व्यक्त करू पाहिला, असे तो सांगतो. परंतु खेड्यातील निसर्ग आपणांस आरोग्यदायी व बळ देणारा वाटतो, हेही त्याच पत्रात आहे. म्हणजे माझे उत्तर अर्धेच होते. उरलेले अर्धे त्या मुलीपाशी होते.

प्रतीकाचा अर्थ शब्दकोशातल्याप्रमाणे ठरलेला नसतो. आपल्याकडे अंगणात ओरडणारा कावळा पाहुण्याची वर्दी देतो आणि तोच पिंडालाही शिवतो. कोणता अर्थ घ्यावयाचा, हे भोवतालचे रंग, रेषा व प्रकाश सांगतात.

म्हणून प्रथम मुलांना चित्र शांतपणे पाहू द्यावे. नंतर विचारावे : कावळे येत आहेत की जात आहेत? मधली वाट कोठे पोहोचते? येथे उभे राहिलो तर कसे वाटेल? प्रत्येक उत्तरावर एकच प्रश्न करावा, “कशावरून?” मुलाने चित्रातील खूण दाखविली, की ते उत्तर आदराने ऐकावे, न दाखविल्यास पुन्हा पाहावयास सांगावे.

त्या मुलीला मी हा प्रश्न विचारला नाही. आपण आपल्या वर्गात तो अवश्य विचारावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.