घर सरकारचें, कर्ज गरिबाचें
(गांवसभेंतील भाषण)



आम्ही शाळामास्तर. पावसाळ्यांत पोरें भिजलेल्या वह्या घेऊन येतात, म्हणून बोलतों.

२०२२ पर्यंत सर्वांस पक्कें घर, हें सरकारचें वचन. तें साल गेलें. २०२४ सालीं घरकुलाची मुदत २०२९ पर्यंत वाढविली. पण सपाटीच्या गांवांस २०१६ सालीं ठरलेले १,२०,००० रुपये तेवढेच ठेविले! विटा, सिमेंट, सळई तोंवर स्वस्तच राहिलीं काय? शिवाय पुढचा हप्ता बांधकामाचा टप्पा पुरा झाल्यावर. गांठीं पैका नाहीं त्यानें भिंत कशी उभारावी? तो सावकाराचें दार ठोठावतो.

बांधवांनो, रडत बसूं नका. यादी सभेंत मोठ्यानें वाचून घ्या, अर्ज स्वतः लिहा, पोंच मागा. मागणें ही भीक नव्हे, हक्क आहे!