चोखोबाची पायरी आणि आपली समई



मघाशी मी समई पेटवली, पण सरस्वतीच्या तसबिरीला हात जोडले नाहीत. पहिल्या रांगेत ही गोष्ट लगेच टिपली गेली. एका ज्येष्ठांनी शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं, शेजाऱ्यांनी मान हलवली, आणि निरोप रांगेच्या टोकापर्यंत पोचला. तिकडे मंडपाच्या मागच्या बाजूला माझे विवेकवादी स्नेही उभे आहेत. त्यांची तक्रार नेमकी उलटी. हात जोडले नाहीत ते ठीक, पण समई पेटवलीच कशाला? म्हणजे भाषण सुरू होण्याआधीच दोन्ही पक्ष नाराज झालेले आहेत. अध्यक्षाला याहून चांगली सुरुवात कोणती हवी?

मी देव मानत नाही. हे मी कधी लपवलेलं नाही आणि त्याचा कधी झेंडाही केलेला नाही. हरिपाठ मला तोंडपाठ आहे, आषाढात टाळ वाजू लागले की पाय आपोआप दिंडीकडे वळतात, आणि दिवाळीला माझ्या दारात आकाशकंदील असतो. यावर मला आयुष्यभर एकच सवाल टाकला गेला: मानत नाहीस ना, मग तुझा यात संबंध काय? आज या व्यासपीठावरून मला त्या सवालाचा समाचार घ्यायचा आहे. माझं म्हणणं असं की हा सवाल खोटा आहे. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. कारण आत कोण आणि बाहेर कोण, हे या महाराष्ट्रात श्रद्धेवरून कधी ठरलंच नाही. ते जन्मावरून ठरलं.

पुरावा पंढरपुरात आहे. चोखोबांइतका विठ्ठलावर जीव टाकणारा माणूस कोणी दाखवावा. मंगळवेढ्याला वेशीचं बांधकाम कोसळलं, त्याखाली ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. आत नव्हे, समोर. श्रद्धा हाच जर प्रवेशाचा परवाना असता, तर पहिला परवाना या माणसाला मिळायला हवा होता. मिळाला नाही. त्यांच्या जातीच्या माणसांना मंदिराचं दार उघडायला सहाशे वर्षं लागली, आणि 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना त्यासाठी दहा दिवस उपाशी राहावं लागलं. त्या सहाशे वर्षांत किती अश्रद्ध, किती लबाड, किती देवाच्या नावावर पोट भरणारे लोक त्या गाभाऱ्यात सुखेनैव ये-जा करत होते, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. बडव्यांनी दारात उभं राहून 'तुमची श्रद्धा आहे का' असं कोणाला विचारल्याचं मी तरी वाचलेलं नाही. ते जात विचारत होते.

आता दुसरं टोक पाहा. विनायक दामोदर सावरकर. कर्मकांडाची त्यांनी जी टर उडवली, गाय हा उपयुक्त पशू आहे म्हणून जे ठणकावून सांगितलं, ते आज कोणी नव्या नावाने छापलं तर मोर्चा निघेल. 1966 साली ते गेले. मृत्यूनंतर धार्मिक विधी नकोत, विद्युतदाहिनीत दहन करा, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आणि याच माणसाने 1923 साली हिंदूची जी व्याख्या केली, पितृभू आणि पुण्यभूची, तिच्यात ईश्वरावर श्रद्धा असण्याची अट नाही. म्हणजे नास्तिकाला त्या घरात जागा आहे. ज्यांची पुण्यभू सिंधूपलीकडे, त्यांना मात्र नाही, मग ते दहा पिढ्या इथल्या मातीत राबलेले का असेनात. मी इथे सावरकरांशी भांडत नाही, त्यासाठी वेगळा मंडप लागेल. एवढंच दाखवतो की श्रद्धा ही अट कधी नव्हती, आणि हे सर्वांत स्पष्टपणे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. तेव्हा पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठांनी माझ्या न जोडलेल्या हातांची काळजी करू नये. मी त्यांच्या हिशेबात सुरक्षित आहे. माझं आडनाव पुरेसं आहे.

कायद्यातही तेच आहे. 1955 चा हिंदू विवाह कायदा उघडा. तो कोणाला लागू, याची यादी दुसऱ्या कलमात आहे. वीरशैव आहेत, लिंगायत आहेत, आपले प्रार्थना समाजवाले आहेत, बौद्ध, जैन, शीख आहेत, आणि शेवटी, जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वा ज्यू नाही असा बाकीचा प्रत्येक माणूस. त्या बाकीच्यांत मी. मी कितीही ओरडलो की माझा कुठलाच धर्म नाही, तरी कायदा मायेने म्हणतो, बस रे बाबा, तू आमचाच. जनगणनेचा प्रगणक दारात येतो, मी बाहेर गेलेला असतो, घरातलं कोणीतरी सांगतं 'हिंदू लिहा', आणि तो लिहितो. 2011 साली या देशात सुमारे 29 लाख लोकांनी धर्म नोंदवला नाही. उरलेले माझ्यासारखे किती, ते त्या रकान्यात कधीच दिसणार नाही.

आणि मुसलमानाच्या घरात जन्मलेली नास्तिक बाई? केरळातली एक बाई हाच प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. मी श्रद्धा सोडली आहे, मला वारसाहक्कासाठी शरीयत नको, देशाचा सर्वसाधारण वारसा कायदा लावा, एवढंच तिचं मागणं. श्रद्धा सोडल्यावर मला कोणाकडे काही मागावं लागलं नाही, तिला मात्र दिल्ली गाठावी लागली. आमच्यासारख्यांच्या नास्तिकपणाला काय किंमत मोजावी लागते हो? चार नातेवाईक रुसतात, श्राद्धाच्या जेवणाला बोलावत नाहीत. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती, तो काळ गेला. दाभोलकर आणि पानसरे यांना गोळ्या घातल्या, तो काळ गेलेला नाही, हे मी विसरत नाही. पण ते दोघं रस्त्यावर उतरून काम करत होते. घरात बसून देव न मानणाऱ्या मध्यमवर्गीय मराठी लेखकाने स्वतःला बंडखोर म्हणवून घेऊ नये. आमचं बंड फार स्वस्तात झालेलं आहे.

महागात पडलं ते हमीद दलवाईंना. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. 'लाट'मधल्या कथा आणि 'इंधन' ही कादंबरी त्याने लिहिली, आणि 'इंधन'मधला कोकण ज्याने वाचलेला नाही त्याने कोकणाच्या मराठी साहित्यावर बोलू नये असं माझं मत आहे. 18 एप्रिल 1966 रोजी सात मुसलमान बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद करा, सर्वांना समान नागरी कायदा लावा. फक्त सात बायका! आज आपण सातशे माणसांशिवाय सत्कार करत नाही. 1970 मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. नावात सत्यशोधक हा शब्द घेतला तो फुल्यांकडून. मुसलमानांतल्या कर्मठांनी त्यांना बाहेरचा ठरवलं. हिंदूंतल्या काहींनी टाळ्या वाजवल्या, पण दलवाई हिंदू जमातवादावर बोलू लागले की त्या टाळ्या थांबत. चव्वेचाळिसाव्या वर्षी, 1977 साली ते गेले. जाताना सांगून ठेवलं होतं: धार्मिक विधी नकोत, दफन नको, दहन करा.

आता सावरकर आणि दलवाई या दोन माणसांच्या अखेरच्या इच्छा शेजारी शेजारी ठेवून वाचा. विधी नको, दहन करा. विधी नको, दहन करा. एकाला आपण निखळ बुद्धिवादी म्हणतो. दुसऱ्याला मुस्लिम सुधारक म्हणतो. देव दोघांनीही सोडला, पण धर्माची पाटी एकाच्याच गळ्यात राहिली. ग्रंथालयात जा, 'इंधन' कुठे ठेवलंय पाहा, आणि त्यावरचे प्रबंध पाहा. मुस्लिम समाजजीवनाचं चित्रण! अरे, ती कादंबरी आहे. आपण तिला अहवालासारखी का वाचतो? नरेंद्र दाभोलकरांनी आपल्या मुलाचं नाव हमीद ठेवलं, त्याचं कारण ज्यांना अजून विचारावं लागतं त्यांच्यासाठी हे सगळं सांगतोय.

श्रद्धावानाचीही तीच गत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईच्या मातीतला माणूस, 'सुवार्ता'चा संपादक, बायबल सुबोध मराठीत आणणारा, हरित वसईसाठी लढलेला. तेव्हा विरोध झाला तो काय म्हणून? धर्मगुरू आहे म्हणून. धर्मश्रद्धा चालत नसेल तर मग कीर्तनकार, प्रवचनकार, गुरुचरित्राचे अभ्यासक यांनाही नको म्हणा. तसं कोणी म्हणालं नाही. थोडक्यात, त्यांची श्रद्धा जास्त झाली आणि माझी कमी पडते. दोघांत फरक एवढाच की मला फक्त टोमणे मिळतात.

आता मागे उभ्या असलेल्या माझ्या मित्रांकडे वळतो. हसू नका, तुमचीही पाळी आली.

तुमचं म्हणणं, समई हे धर्माचं चिन्ह आहे, ओव्या-अभंग देवाचे आहेत, विवेकी माणसाने यातून अंग काढून घ्यावं. हा विचार तुमच्या आधी कोणी केला सांगू? गोव्याच्या इन्क्विझिशनने. 1736 साली तिथे फर्मान निघालं. बाटलेल्या ख्रिस्त्यांनी काय करू नये याची भलीमोठी यादी. अंगणात तुळस लावायची नाही. पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. लग्नात गाणी म्हणायची नाहीत. आणि मला सर्वांत आवडलेलं कलम: भात बिनमिठाचा शिजवून वरून मीठ घ्यायचं नाही, कारण हिंदू तसं करतात. श्रद्धा आणि संस्कृती एकच आहे असं ज्याने खरोखर मानलं, तो शेवटी मिठापर्यंत पोचला! आणि तरी काय झालं? वसईत कुपारी ख्रिस्ती बायका लुगडं नेसून आपल्या सामवेदीत लग्नाची गाणी म्हणत राहिल्या. त्याच गोव्यात, या फर्मानाच्या शंभरेक वर्षं आधी, 1616 साली, थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने ख्रिस्ताची कथा अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्यांत छापली होती. आपल्या कळपाला पुराण हवंय, तेही ओवीत हवंय, हे त्या पाद्र्याला कळलं. फर्मान काढणाऱ्यांना कळलं नाही, आणि मित्रांनो, तुम्हालाही कळत नाही.

रीती मोडायच्याच नाहीत असं मी म्हणत नाही. विधवेला उंबऱ्याबाहेर ठेवणारं हळदीकुंकू मोडा, मी तुमच्याबरोबर येतो. पण ते माणसाला दुखवतं म्हणून मोडा, त्याला देवाचा वास येतो म्हणून नको. इरावतीबाई कर्वे ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालल्या, आणि दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवतात हे त्यांना खुपलं. त्यांनी ते लिहिलं, आणि चालणं सोडलं नाही. टीका करायचा हक्क त्यांना चालण्यातून मिळाला. लांबून, रस्त्याच्या कडेला उभं राहून, त्यांना ते जेवण दिसलंही नसतं.

एक आक्षेप मात्र मी मान खाली घालून ऐकतो. या सभागृहातले बौद्ध मित्र म्हणतील, तुमच्या या संस्कृतीतल्या वाट्यात आम्हाला रस नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात आमच्या आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या तुमच्या देवांना आणि तुमच्या घराला रामराम ठोकूनच. बरोबर आहे. आत घेतो म्हणणं हाही एक अपमान असू शकतो, विशेषतः सहाशे वर्षं पायरीवर बसवून ठेवल्यावर. पण त्यांनी काय केलं ते पाहा. जात्यावरच्या ओव्यांत बाबासाहेब आले. वामनदादा कर्डकांनी तीच लोकगाण्यांची चाल घेऊन भीमगीतं बांधली. देव टाकला, ओवी टाकली नाही. कोणाची परवानगीही मागितली नाही.

परवानगी न मागणाऱ्यांची ही परंपरा जुनी आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अभंग लिहिणं चालू ठेवलं. अखेरच्या काळात तर त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले एकत्र बसत. मिशनला ते पचणं कठीण होतं. असाच एक विलक्षण खटला 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला. अर्जदार येशूला मानणारे होते, पण आमचा कुठलाच धर्म नाही असं राजपत्रात छापा म्हणत होते. सरकारी मुद्रणालयाने नकार दिला. न्यायालयाने निर्वाळा दिला की मी कोणत्याच धर्माचा नाही असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि धर्म सांगायची सक्ती सरकारला करता येणार नाही. आम्हा नास्तिकांना हा निकाल भाविकांनी मिळवून दिला! विवेकवादी सभांत हे कोणी सांगत नाही.

आता कामाचं बोलतो. 1990 मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. वेगळं का भरवावं लागलं, याची चौकशी तेव्हा आपण केली नाही. उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी ठराव मांडतो आहे. या संमेलनाच्या परिसंवादांत मुस्लिम, ख्रिस्ती वा बौद्ध लेखकांना फक्त त्यांच्या धर्मावरच्या सत्रात बोलावण्याची पद्धत बंद करावी. ऐतिहासिक कादंबरी, विनोद, बालसाहित्य, ललित गद्य या सत्रांतही त्यांना जागा द्यावी. आणि कोणत्याही निमंत्रिताला व्यासपीठावरच्या पूजेत भाग घेण्याबद्दल आधी वा नंतर विचारणा करू नये. मसुदा नियामक समितीकडे काल दिला आहे. सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे, आणि समितीच्या नियमाप्रमाणे आज रात्री नऊपर्यंत कार्यालयात सही व्हायला हवी.