गळ पडावा तिथेच

(रौप्यमहोत्सवी वर्षातील ‘माझा छंद’ या कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



माझ्याआधी काकूंनी बोन्सायबद्दल इतकं छान सांगितलं, की आता मासेमारीचं नाव काढायला संकोच वाटतो. आपल्यापैकी बरेच जण शाकाहारी आहेत. काळजी नको, आज मी मासा शिजवणार नाही, बहुधा पकडणारही नाही. फक्त गळ कसा टाकायचा एवढंच सांगणार आहे. डी विंगच्या मागे पहाटे एक म्हातारा बादलीवर काहीतरी फेकत असतो, तो मी. ‘काका नेमकं करतात काय?’ हा प्रश्न मेंटेनन्सच्या मीटिंगमध्येही आला होता, म्हणून एकदाचा खुलासा.

निवृत्त झालो त्या वर्षी माझे साडू मला रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीवर घेऊन गेले. ते मूळचे कोकणातले, गरवण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी रॉड हातात दिला आणि म्हणाले, “त्या मुळांपाशी टाका.” मी पूर्ण ताकदीने रॉड मागे नेला, मागे बघितलंच नाही, आणि गळ साडूंच्या कानाच्या पाळीत. गळाला उलटा काटा असतो, म्हणून तो आला तसा मागे निघत नाही. डॉक्टरांनी जागा बधिर करून गळ पुढे ढकलला, टोक बाहेर काढलं, काटा कापला आणि उरलेली तार मागून सरकवून घेतली. वर धनुर्वाताचं इंजेक्शन. साडू हसले, पण पुढचे सहा महिने “चला खाडीवर” असं काही त्यांनी म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. घरात बायको आणि तिची बहीण फोनवर बोलताना विषय बदलायच्या, ते मला ऐकू यायचं.

म्हणून मी शिकायचं ठरवलं. गळ काढून टाकला, तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या दोरीला, दहा ग्रॅमचं वजन बांधलं आणि दहा पावलांवर बादली ठेवली. पहिल्या दिवशी बादली सोडून सगळीकडे पडलं. एकदा वाळत घातलेल्या चादरीवर, एकदा वॉचमनच्या खुर्चीखाली.

चूक कुठे होते ते सांगतो, कारण सगळ्या नवशिक्यांची तीच होते. आपण खांद्याने फेकतो, क्रिकेटच्या बॉलसारखं. फेकायचं काम रॉडचं आहे. तो मागे जाताना वजनाने वाकतो आणि सरळ होताना वजन पुढे सोडतो. आपण कोपर अंगाजवळ ठेवायचं, मनगट आणि हाताचा पुढचा भाग वापरायचा. दुसरा हात मुठीच्या खालच्या टोकाला धरायचा. वजन टोकापासून साधारण वीतभर खाली लोंबतं ठेवायचं. रिळावरची तारेची कडी उघडायची, दोरी तर्जनीच्या पेरावर धरायची, आणि आधी मागे बघायचं. मग रॉडचं टोक लक्ष्यावर रोखायचं, सरळ वर मागे न्यायचं आणि त्याच रेषेत पुढे आणायचं. आणायचं तेही झटका देऊन नाही, हळू सुरू करून वेग वाढवत.

खरी मेख बोट कधी सोडायचं यात आहे. लवकर सोडलं तर वजन आकाशात जातं आणि जवळच येऊन पडतं. उशिरा सोडलं तर पायाशीच आदळतं. वजन डावीकडे-उजवीकडे गेलं तर समजा, रॉडची रेषा वाकडी झाली, बहुधा पुढे येताना हात आडवा गेला. मला हे समजायला तीन आठवडे लागले, कारण मी दर वेळी वाऱ्याला दोष देत होतो.

अंतराची युक्ती साडूंनीच पूर्वी दाखवली होती, तेव्हा मी ऐकलं नव्हतं. लक्ष्याच्या जरा पुढे जाईल असंच टाकायचं, आणि वजन वर असतानाच तर्जनी रिळाच्या कडेला हलकेच टेकवायची. सुटणारी दोरी बोटाला घासते, वजनाचा वेग कमी होतो आणि ते अलगद खाली बसतं. कमी ताकदीने टाकून ‘पोचेल का’ बघत बसण्यापेक्षा हे सोपं. वजन पडलं की कडी हाताने बंद करा, हँडल फिरवून नको, आणि दोरी ताणून घ्या. नाहीतर सैल वळसे रिळावर बसतात आणि पुढच्या वेळी गुंता. आणखी एक, रॉडवर किती ग्रॅम वजन चालतं ते छापलेलं असतं. दहा ते तीस ग्रॅमच्या रॉडवर तीन ग्रॅम बांधून नेम चुकला, तर दोष हाताचा नाही.

हा नुसता माझा वेडेपणा नाही बरं का. जगात याच्या स्पर्धा होतात. साडेसात ग्रॅमचं वजन, जमिनीवर पसरलेलं वर्तुळांचं कापड, मधला गोल 75 सेंटिमीटरचा, त्याला दहा गुण, बाहेरच्या वर्तुळांना आठ, सहा, चार, दोन. पाणी नाही, मासाही नाही!

मुलांसाठी एकच ताकीद: कार्बनचा रॉड विजेच्या तारांच्या आसपास कधीच उचलायचा नाही. त्यातून वीज वाहते.

सहा महिन्यांनी मी साडूंना फोन केला. खाडीला भरती ओसरत होती. अशा वेळी जिताडा कांदळवनाच्या मुळांपाशी, ओहळाच्या तोंडाशी लहान माशांची वाट बघत थांबतो. हातभर इकडे पडलं तर त्याला पत्ता नाही, हातभर तिकडे पडलं तर गळ मुळांत. साडू माझ्यापासून वीस पावलं लांब उभे राहिले, कानावर हात ठेवून! तिसऱ्या वेळी मात्र जवळ आले.

आता त्यांना काचबिंदूमुळे नीट दिसत नाही. घडीच्या स्टुलावर बसतात आणि ‘टप्’ असा आवाज ऐकून सांगतात, “लांब गेला,” “उथळावर पडला.” मागच्या महिन्यात जिताडा लागला नाही. पण एकदा आवाज झाल्यावर साडूभाऊ काही बोलले नाहीत, मी विचारल्यावर म्हणाले, “आता विचारता कशाला?”

ज्यांना शिकायचं आहे त्यांनी रविवारी सकाळी साडेसहाला डी विंगच्या मागे यावं. समितीने सात वाजेपर्यंत परवानगी दिली आहे, त्याबद्दल आभार. पायात बूट, डोक्यावर टोपी, चष्मा असेल तर चष्मा. गळ कुणाच्याही हातात देणार नाही. गाड्या जरा पलीकडे लावाव्यात, ही नम्र विनंती.