ऊसतोडीच्या फडावरील मुलें

बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या माळांवर ऊस उभा राहिला तो नीरेच्या डाव्या कालव्यामुळें. माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांचीं नांवें सुशिक्षित कुटुंबांस परिचित आहेत. परंतु तेथील ऊस तोडावयास येणाऱ्या मजुरांच्या मुलांची वार्ता त्यांच्या कानीं क्वचितच पडते.

दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यांतून बिऱ्हाडें निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल बहुधा आधींच खर्ची पडलेली असते. हंगाम सरतो तो उन्हाळ्याच्या तोंडीं. शाळेचें वर्ष मात्र जूनमध्येंच सुरू झालेलें असतें. त्यामुळें मूल नांवानें गांवच्या हजेरीपटावर आणि देहानें कोपीच्या दारांत, अशी स्थिति होते.

अशा मुलासाठीं खातीं कांहीं थोडीं नाहींत. पोषण अंगणवाडीकडे, लस प्राथमिक आरोग्य केंद्राकडे, शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेकडे. १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास जवळच्या शाळेंत प्रवेशाचा अधिकार दिला. पुढें स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठीं शिक्षण हमी पत्रकाची सोयही झाली. सोय उत्तमच, पण पत्रक घेऊन मूल शाळेच्या दारीं यावें कसें?

दहा वर्षांची एक मुलगी कल्पावी. आईबाप पहाटेच्या अंधारांत फडावर जातात; तान्हें भावंड तिच्या कडेवर. अंगणवाडी उघडते ती दिवस बराच वर आल्यावर, आणि तीही गांवांत, कोपीपासून दूर. भावंडास सोडून ती शाळेंत जाणार नाहीं, गुरुजींनीं कितीही बोलावलें तरी! तिची हजेरी गुरुजींपेक्षां अंगणवाडीच्याच हातीं अधिक आहे. खात्यांनीं मिळून काम करावयाचें, याचा येथें पहिला अर्थ इतकाच, कीं तान्ह्यांसाठीं कोपीजवळ, फडाच्या वेळेस उघडणारें पाळणाघर असावें.

टोळी आल्याची बातमी सर्वांआधीं कारखान्यास कळते, कारण ऊसतोडीचे करार त्याच्या दप्तरीं असतात. करारांत मोजतात ते कोयते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्याच कागदाच्या पाठीवर मुलांचीं नांवें व वयें लिहून एकेक प्रत शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य केंद्र यांस त्याच दिवशीं धाडावयास फारसा खर्च नाहीं. बैलगाडीच्या टोळ्या बहुधा कारखान्यालगत उतरतात, त्यांची गणना सोपी. ट्रॅक्टरच्या टोळ्या मात्र एका गांवचा ऊस संपला कीं दुसऱ्या गांवीं हालतात. त्यांच्या मागोमाग तो कागदही नव्या गांवच्या शाळेस गेला पाहिजे.